चौथीचं टाचण

लेकीनं पुण्याहून फोनवर सांगितलं, "आई, त्या ट्रंकेचं काय ते या महिन्यात ठरव. माझ्या फ्लॅटमध्ये तू मावशील, ट्रंक मावायची नाही."

मी म्हटलं, "मग ट्रंक पाठवते, मी इथंच राहते."

"आई!"

इथल्या मंगळवार पेठेतलं आमचं घर भाड्याचं. तीन खोल्या, मागं मोरी आणि पुढं दोन पायऱ्या. मालकांनी ते पाडून इमारत बांधायचं ठरवलंय आणि मी लेकीकडं जायचं हेही ठरलंय. कुणी ठरवलं ते विचारू नका, निवृत्त माणसाचं सगळं असं आपोआपच ठरतं. भांडी वाटून झाली, कपाट भाच्यानं नेलं. उरली ती लोखंडी ट्रंक. तिच्यात आम्हा दोघांच्या टाचण वह्या आहेत.

टाचण म्हणजे काय ते शिक्षकांच्या घरात सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. प्राथमिक शाळेत कुठल्या तासाला काय शिकवणार ते आधी वहीत लिहून ठेवायचं. घटक कुठला, उद्दिष्ट काय, साहित्य काय लागणार, फळ्यावर काय लिहिणार, शेवटी मुलांना काय विचारणार. खाली मुख्याध्यापकांची सही, आणि तपासणीला साहेब आले तर त्यांचा लाल शाईतला शेरा. शिकवता येतं त्याला टाचण लागत नाही आणि येत नाही त्याला टाचणाचा उपयोग नाही, असं आमचे हे म्हणायचे. हेही शिक्षकच होते. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली.

"सगळं फोनात घे," लेक म्हणाली. "पानांचे फोटो काढायचे, ॲपमध्ये टाकायचे आणि वह्या रद्दीत. अशी फुकट ॲप ढिगानं आहेत." तिनं चार ॲपची नावं पाठवली आणि म्हणाली, "तुला आवडेल ते घे."

आवडण्यावर मी काही घेत नाही. मी तपासणी लावली. एक कोरी वही काढली, लाल पेन घेतलं आणि रोज एका ॲपला बसवून घेतलं. वह्या नकोत म्हणून ॲप शोधायचं आणि ते शोधायला वही करायची, यावर लेक हसली. हसू दे.

पहिलं ॲप दिसायला देखणं होतं. पान उलटल्यासारखं उलटायचं. थोडी पानं भरली आणि त्यानं पाटी दाखवली, की तुमची मोफत मर्यादा संपत आली. जेवायला बोलवायचं आणि दुसऱ्या भाकरीला हात धरायचा, ही आमच्याकडची रीत नव्हे. शेरा लिहिला: दिखाऊ.

दुसरं ॲप बोललेलं लिहून घ्यायचं. मी वर्गातल्या भाषेत बोलले तर बरं चालायचं, घरच्या भाषेत बोलले की अडायचं. तीस वर्षं मुलांना "हाय न्हवं, आहे म्हण" असं सांगत आले, आता तेच मला फोन शिकवायला लागला. शेरा: उद्धट.

तिसऱ्यात कप्पे फार. वहीत विभाग, विभागात पान, पानात तक्ता, तक्त्यात परत पान. सकाळी ठेवलेला फोटो दुपारी मला सापडला नाही. एक ना धड भाराभर चिंध्या. शेरा लिहिला की विद्यार्थी हुशार आहे, बाईंना झेपत नाही.

चौथं साधं होतं. फोटो घ्यायचा, वर नाव घालायचं, झालं. मला ते शेवटच्या बाकावर गप बसणाऱ्या पोरासारखं वाटलं, त्यामुळं आवडलं. शोधायची सोयही होती. फोटोत छापलेला शब्द असला तर सापडायचा, आमचं हातचं मराठी मात्र त्याला वाचता येत नव्हतं. शेरा: वर्गात बसवावे.

लेकीनं किती पानं, किती जागा याचा अंदाज घेतला आणि म्हणाली, "आई, फुकटात एवढी जागा मिळत नाही. तुम्हा दोघांचं मावायचं नाही. एकाचंच मावेल."

"मग कुणाचं ठेवू?"

"तुझंच ठेव की. बाबांच्या वह्या म्हणजे तुझ्याच नकला. सगळ्यांना ठाऊक आहे."

ती सहज बोलली आणि खोटं काहीच बोलली नाही, म्हणून मला लागलं.

लग्न झालं तेव्हा माझी शाळा कागल तालुक्यात आणि ह्यांची राधानगरीत. मी रोज एसटीनं जाऊन येऊन करायची. ह्यांची वाडी आडबाजूला, पावसाळ्यात तिथं चार-चार दिवस गाडी पोचायची नाही, म्हणून हे शाळेजवळच खोली घेऊन राहायचे. शनिवारी अर्धी शाळा करून निघायचे, घरी पोचायला संध्याकाळ. सोमवारी अंधारातच पहिल्या गाडीनं परत. पती-पत्नी एकत्रीकरण अशी एक सोय शिक्षकांना असते, म्हणजे नवरा-बायकोला जवळपासच्या शाळा द्यायच्या. आमचा अर्ज कुठल्या टेबलावर बसला होता ते त्या टेबलालाच माहीत. आम्ही नऊ वर्षं असा आठवड्याचा संसार केला.

रविवारी सकाळ बाजारात आणि धुण्यात जायची. दुपारची जेवणं झाली की लेक झोपायची आणि आम्ही टेबलाला समोरासमोर बसायचो. मी पुढच्या आठवड्याचं टाचण काढायची. हे माझं पान होईपर्यंत पेनाचं टोपण लावत-काढत बसायचे, आणि माझं पान झालं की वही अर्धी स्वतःकडं ओढून उतरवून घ्यायचे. दोघांकडं चौथी होती, त्यामुळं अडचण काहीच नव्हती.

"अहो, चार ओळी स्वतःच्या लिहा की," मी म्हणायची.

"तुझं अक्षर मोत्यासारखं हाय. बघून लिवाय बरं वाटतंय," हे म्हणायचे.

आणि लिहायचे काय, तर दिसेल ते. माझ्या वहीच्या समासात माझं घरचंही चाललेलं असायचं. एकदा भागाकाराच्या पाठाशेजारी मी लिहिलं होतं, दळण. ह्यांनी साहित्याच्या रकान्यात उतरवलं: खडे, काड्या, दळण. नेमके त्याच आठवड्यात वाडीवर साहेब तपासणीला आले. वही वाचून म्हणाले, "गुरुजी, भागाकाराला दळण कशाला?" ह्यांनी पापणीही न लववता सांगितलं, "साहेब, वाडीतली पोरं. आकडा कळत न्हाय, पण पाच घरांत एक पायली ज्वारी वाटायची म्हटली की लगेच कळतंय." साहेब खूश झाले. 'परिसरातील उदाहरणांचा चांगला वापर' असा शेरा देऊन गेले. शनिवारी घरी आल्यावर दारातूनच ह्यांनी मला तो शेरा वाचून दाखवला आणि मी हसून हसून भिंतीला टेकले.

पण दर वेळी हसू यायचं नाही. मी नोकरी करणारी, घर बघणारी, पोरगी सांभाळणारी, आणि वर नवऱ्याचंही टाचण माझ्याच वहीतून. एका मार्चमध्ये, वार्षिक परीक्षेच्या घाईत, मी चिडले. "आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते तुम्हीच. कामचुकार माणूस. पोरांना काय शिकवताय देव जाणे." असं बोलले आणि वही मिटून टाकली. हे म्हणाले, "च्या करू का तुला?" आणि उठून करायला गेले. चहा चांगला झाला होता. मी चांगला झाला म्हटलं नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांनी एकत्रीकरण झालं आणि दोघांना करवीर तालुक्यात एकाच शाळेत घेतलं. तिथं आल्यावर ह्यांनी माझ्या वहीला परत हात लावला नाही. बाजारात छापील टाचण मिळायला लागलं होतं, ते आणून सही करून ठेवायचे. मला वाटलं, आधी बायकोचं उतरवायचे, आता दुकानातलं. शिकवायचे मात्र झकास, ते मी शेजारच्या वर्गातून ऐकायची.

तर ट्रंकेतल्या ह्यांच्या वह्या म्हणजे माझीच वाक्यं, ह्यांच्या मागं कललेल्या अक्षरात. पत्रं आम्ही कधी लिहिली नाहीत, दर शनिवारी भेटणाऱ्याला कोण पत्र लिहितं? डायरी वगैरे ह्यांचा प्रांत नव्हता. माणूस गेल्यावर त्याच्या हातची, त्याच्या मनातली एखादी ओळ घरात कुठंतरी असावी, असं मला फार वाटायचं. तीन वर्षं शोधत होते म्हणा ना. गॅसच्या कार्डामागं बघितलं, पोथीत बघितलं, कोटाच्या खिशात बघितलं. एसटीची तिकिटं सापडली.

शेवटी मी लेकीचं ऐकलं. ह्यांच्या वह्यांचा गठ्ठा सुतळीनं बांधून पायरीवर ठेवला आणि रद्दीवाल्याला सकाळी यायला सांगितलं. माझ्या वह्या टेबलावर घेतल्या आणि जेवण झाल्यावर फोटो काढायला बसले. पान सपाट करायचं, फोन वर धरायचा, टक् करायचं. मजा यायला लागली. कुठं शाईचा डाग, कुठं लेकीनं काढलेला कोंबडा. एका पानावर तेलाचं बोट होतं, ते बहुतेक माझंच.

लेक बालवाडीत होती त्या वर्षाची वही काढली तर हातात भुगा आला. ट्रंकेच्या तळाला ओल गेली होती, तिथं वाळवी लागून निम्मी पानं गेलेली. मला हळहळ वाटली. मग सुचलं, माझी गेली तर गेली, नक्कल आहे की पायरीवर. आजवर ह्यांच्या नकलेचा हा पहिलाच उपयोग, असं स्वतःशी म्हणत मी सुतळी सोडली आणि त्या वर्षाची ह्यांची वही घेऊन आले.

वर वर्तमानपत्राचं कव्हर. आतल्या पहिल्या पानावर 'इयत्ता चौथी' असं लिहून नंतर लाल शाईनं खोडलेलं आणि वर त्याच लाल शाईत लिहिलेलं, 'दिवाळीपासून इयत्ता पहिली'. मला काही कळेना. त्या वर्षी ह्यांच्याकडं चौथी होती. दर रविवारी चौथीचं टाचण माझ्यासमोर बसून उतरवलंय. मी पानं उलटली. दिवाळीनंतरही भागाकारच होता, अपूर्णांक होते, माझे सगळे चौथीचे पाठ एकापाठोपाठ एक. पहिलीतल्या पोरांना, ज्यांना अजून गमभन येत नाही, त्यांना अपूर्णांक?

जानेवारीच्या एका पानावर तीच लाल शाई होती. साहेबांचं अक्षर: 'आपल्याकडे इयत्ता पहिली असताना हे टाचण चौथीचे आहे. सदर दुसरी वही कशासाठी ठेवली आहे? खुलासा येथेच द्यावा.'

खाली निळ्या शाईत ह्यांचं अक्षर होतं. मागं कललेलं, घाईचं. मी ते तिथल्या तिथं उभ्यानं वाचलं. आता पाठच झालंय, तसंच देते.

'सविनय खुलासा सादर करतो की, दिवाळीनंतर शाळेत नवीन गुरुजी हजर झाल्याने मजकडे पहिलीचा वर्ग आला. पहिलीचे टाचण मी दर सोमवारी शाळेत वेगळ्या वहीत काढतो. ती वही सोबत दाखवली आहे. ही वही घरची आहे, चुकून दप्तरात आली. माझी पत्नी कागल तालुक्यात चौथीस शिकवते. रविवारी दुपारी आम्ही समोरासमोर बसून टाचण काढतो. वर्ग बदलल्याचे मी घरी सांगितलेले नाही. सांगितल्यास ती म्हणेल, तुमचे तुम्ही काढा, आणि धुणी वाळत घालायला उठेल. आठवड्यातून तेवढेच बसणे होते. या वहीचा शाळेच्या कामी वापर केलेला नाही. तरी क्षमा असावी.'

त्याखाली परत लाल शाई: 'पाहिले. एकत्रीकरणाचा अर्ज केला आहे काय?'

आणि निळी: 'दोनदा केला आहे.'

मी खुर्चीवर बसले. किती वेळ बसले ते माहीत नाही, शेजारणीच्या कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या. आधी मला हसू आलं, कारण खुलाशातली ती खरोखरच तसंच म्हणाली असती आणि खरोखरच उठली असती. मग मार्च आठवला. त्याच वर्षीचा मार्च. म्हणजे मी कामचुकार म्हणून वही मिटली, तेव्हा हा माणूस सोमवारी शाळेत बसून स्वतःचं टाचण स्वतः काढत होता आणि रविवारी ज्याचा काडीचा उपयोग नाही ते माझं टाचण ओळन् ओळ उतरवत होता. एकाच शाळेत आल्यावर ह्यांनी उतरवणं का सोडलं, तेही तेव्हा कळलं. मग रडू आलं, आणि मी ते थांबवलं नाही. घरात कोण होतं थांबवायला?

उरलेला गठ्ठाही मी आत आणला. एकेक वही नीट वाचली. बाकी कुठं काही नव्हतं, सगळीकडं माझीच वाक्यं. पण आता ती मला वेगळी दिसायला लागली. मी जिथं खाडाखोड केली होती तिथं ह्यांनीही थांबून मग पुढं लिहिलं होतं. काही ठिकाणी अक्षर मुद्दाम मोठं आणि सावकाश काढलेलं, लवकर संपू नये म्हणून काढावं तसं. माझा भास असेल. असू दे.

सकाळी रद्दीवाला आला. मी दुसरा गठ्ठा पुढं केला.

तो म्हणाला, "बाई, काल त्यो गठ्ठा म्हणलासा की."

"व्हय. आज ह्यो," मी म्हटलं.

"ह्येच्यातलं अक्षर लई झ्याक हाय, टाकताय व्हय?"

"टाकते. अक्षर माझंच आहे."

त्यानं काट्यावर ठेवल्या आणि माझी तीस वर्षं सायकलीला बांधून नेली. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

दुपारी लेकीचा फोन आला. "कुठलं ॲप घेतलंस शेवटी?"

"चौथं."

"मावल्या का वह्या?"

"माझी पानं काढून टाकली, एकच पान ठेवलंय. तुला पाठवलंय, बघ. आणि बाबांच्या वह्या घेऊन येणार आहे मी. ट्रंक नाही आणत, नुसत्या वह्या. जागा नसली तर माझ्या उशाला ठेवीन."

पलीकडं ती फोटो उघडून वाचत असणार. मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि म्हणाली, "आई, बाबांनी हे तुला कधीच कसं सांगितलं नाही?"

हा प्रश्न मी स्वतःला रात्रीपासून विचारत होते, आणि त्याचं उत्तर पानावरच होतं. साहेब परका माणूस, वर्षातून एकदा येणारा. त्यानं एका ओळीत विचारलं, कशासाठी, आणि ह्यांनी सगळं सांगून टाकलं. मी नऊ वर्षं समोर बसले. चिडले, हसले, टोमणे मारले, पण कशासाठी असं एकदाही विचारलं नाही.